एकोणिसावा खड्डा

एक आकडा मला आजही पाठ आहे. नातवंडांची नावं कधी कधी एकमेकांच्या गळ्यात पडतात, पण हा आकडा चुकत नाही. दोन, चार, तीन, दोन, नऊ, रिकामा, दोन, रिकामा, रिकामा, आठ, एक, सात, सहा, सहा, चार, आणि मग ओळीने चार रिकामे. शिकलेली माणसं रिकाम्याला शून्य म्हणतात. म्हणू देत. मी हा आकडा कागदावर नाही, मातीत केला आहे, आणि मातीत शून्य नसतं, रिकामा खड्डा असतो.

हे पन्नास ते साठच्या मधलं. जिल्हा चांदा, गडचिरोली तेव्हा त्याच्याच पोटात. आपलं राज्य कोणतं, ते बदललं की बदलणार आहे, यावर मोठी माणसं बोलत असत. आमच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, त्याचा पत्ता नव्हता. गोंडपिपरीहून दोन कोस आत एक नाला आहे. त्याच्या त्या अंगाला धानवाल्या शेतकऱ्यांचं गाव आणि शाळा, ह्या अंगाला जंगलाला टेकून आमच्या पंधरा-वीस झोपड्या. घरी आम्ही गोंडी बोलत असू. इथे सगळं मराठीतच सांगते, नाहीतर तुमच्या डोक्यावरून जाईल.

मी तेरा वर्षांची आणि चौथीत. उशिरा शाळेत गेले, आणि गेले तीही भांडून. बाप वर्षातले आठ महिने आत जंगलात लाकूडतोडीच्या कामावर असायचा. घरात माय आणि मी. एक धाकटा भाऊ होता, तो दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तापाने गेला. तेव्हापासून माय कमी बोलायची, आणि जे बोलायची ते बहुतेक कामाचंच असायचं.

शाळा म्हणजे एक खोली, एक गुरुजी आणि आम्ही वीस पोरं. भिंतीला लागून एकच लांब तरटाची पट्टी, फळ्यापासून दारापर्यंत. फळ्याजवळ पाटलाच्या घरचे, मग मोठ्या शेतकऱ्यांचे, मग लहान शेतकऱ्यांचे, आणि सगळ्यात शेवटी, दाराकडे, आम्ही टोल्यावरचे चौघं. त्या चौघांतही मी शेवटची. विसावी. माझं अर्धं बूड तरटावर आणि अर्धं उंबऱ्यावर. तिथून फळ्यावरची अक्षरं मुंगीएवढी दिसायची, आणि गुरुजींचा हात आडवा आला की तेवढीही नाही.

तेही मी सोसलं असतं. पण फागुनात दिपोटी साहेब यायचे. म्हणजे शाळा तपासणारे साहेब. गोंडपिपरीला चौथीच्या परीक्षेला कोणकोण बसणार त्याची यादी ते घेऊन जायचे. आमचे गुरुजी ती यादी फळ्यापासून लिहायला घेत आणि दारापर्यंत पोचायच्या आत थांबत. टोल्यावरचं एकही नाव आजवर त्या यादीत गेलं नव्हतं. आणि मायने मला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "परीक्षेले बसली तर पुढचं पाहू. नाव नाई गेलं तर बस झालं, माह्यासोबत मोहफुलं वेचाले चाल." माझं सगळं त्या यादीवर होतं.

म्हणून एक दिवस मी सरळ जाऊन फळ्याजवळ बसले.

गुरुजी नागपूरकडचे. तरुण होते, चांगले शिकलेले होते आणि ह्या रानात बदली झाल्यामुळे सतत धुमसत असायचे. आमच्यावर वेगळा असा राग नव्हता त्यांचा. त्यांना डासांचा, चिखलाचा आणि आमचा, सगळ्यांचा सारखाच राग होता.

"ऊठ. आपल्या जागेवर जा," ते म्हणाले. "बसायची एक रीत असते."

"एकच काऊन, गुरुजी?"

पोरं खी खी करून हसली. गुरुजींनी खडू खाली ठेवला. "मग किती असतात? तू सांग. वीस मुलं एका ओळीत किती रितींनी बसू शकतील? आण आकडा. दिपोटी साहेब यायला आठ दिवस आहेत. बरोबर आकडा आणलास तर फळ्याजवळ बस, आणि यादीत पहिलं नाव तुझं." मग पोरांकडे बघून म्हणाले, "कोडीच्या पुढे ह्या लोकांना मोजता येत नाही, आणि विचारते एकच काऊन!"

कोडी म्हणजे वीस. आमच्याकडे बांबू कोडीने मोजत, कोंबड्या कोडीने मोजत. मोजायला सोपं जातं म्हणून. त्याच्या पुढे मोजता येत नाही म्हणून नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पाटी उचलली आणि उंबऱ्यावर जाऊन बसले, पण मनात म्हटलं, थांबा, आता कोडीच दाखवते तुम्हाला.

घरी आल्यावर मायची तीन मडकी अंगणात मांडली. लाल, काळं आणि कानतुटकं. इकडून तिकडे फिरवून पाहिली. सहा तऱ्हा झाल्या, सातवी होईना. मग चौथं आणलं. चौथं मडकं पहिल्या जागी ठेवलं तर उरलेल्या तिघांच्या सहा तऱ्हा. दुसऱ्या जागी ठेवलं तर पुन्हा सहा. चार जागा, चार सक चोवीस. तेव्हा डोक्यात लख्ख पडलं. पाचव्याला चोविसाची पाचपट, सहाव्याला त्याची सहापट, असं करत विसापर्यंत जायचं. बस, एवढंच तर आहे!

एवढंच नव्हतं. दहापर्यंत पाटीवर जमलं. छत्तीस लक्ष अठ्ठावीस हजार आठशे. तेराच्या पुढे आकडा पाटीच्या काठाला टेकला. उरलेला खालच्या ओळीत घेतला की वरचे हातचे खाली येताना हरवायचे. पुसा, पुन्हा मांडा, पुन्हा हरवा. दोनदा रडले. तिसऱ्यांदा पाटी उचलून आपटणारच होते, तर समोर कुंपणाशी माय दिसली. गेल्या साली तिथे तिने दोडक्याच्या वेलांसाठी खड्डे केले होते. एका ओळीत, एका हाताच्या अंतरावर, कुंपण संपेपर्यंत. तिला जागा कमी पडली नव्हती.

मी खुरपी घेतली आणि कुंपणालगत वीतभर रुंदीचे खड्डे खणत गेले. टोपलीभर चिंचोके आणले. उजवीकडचा खड्डा एकंचा, त्याच्या डावीकडचा दहंचा, मग शंभराचा, मग पुढे. एका खड्ड्यात नऊच्या वर चिंचोके ठेवायचे नाहीत, हा एकच नियम. अकराने गुणायचं तर उजवीकडून सुरुवात. खड्ड्यात दोन चिंचोके आहेत, अकरा दुणे बावीस, उजवीकडून आलेले हातचे नऊ, झाले एकतीस. एक खड्ड्यात ठेवायचा, तीन मुठीत घेऊन डावीकडच्या खड्ड्याशी जायचं. खरंच हातचे, हातात घेऊन चालायचे. हरवायचा प्रश्नच नाही. आकडा मोठा झाला, डावीकडे आणखी एक खड्डा खण. जमीन काय कमी आहे!

आकडा कितीही मोठा असो, एका वेळी मला एकच खड्डा बघायचा होता. त्यात नऊच्या आत चिंचोके, आणि वीसपर्यंतचे पाढे मला येत होते. ज्या आकड्याला बघून गुरुजींचीही छाती दडपली असती, त्याला मी एकेक खड्डा करून हाताखाली घेत होते. त्या दिवसांत मला इतका माज चढला होता की काय सांगू.

पहाटे मायबरोबर मोहफुलं वेचायची, मग शाळा, मग उजेड असेपर्यंत खड्डे. प्रत्येक गुणाकार दोनदा करायचा. सहा दिवस लागले. सातव्या दिवशी संध्याकाळी विसाने गुणलं. ते तर सोपं, सगळं दुप्पट करायचं आणि एक खड्डा डावीकडे सरकवायचं. एकोणीस खड्डे झाले. त्यांतले सात रिकामे. पाटीवर उतरवणार होते, पण पाटी फुटकी आणि घरात जागा कमी. सकाळपर्यंत कोणाचा तरी हात लागून पुसलं जाईल म्हणून सकाळीच उतरवू म्हटलं. खड्डे कुठे पळून जाणार होते?

सकाळी रानातून यायला उशीर झाला. माय माझ्या आधी परतली होती. मी धावत आले, खड्ड्यांशी बसले, डावीकडून चिंचोके मोजून पाटीवर लिहीत गेले आणि तशीच नाला ओलांडून पळाले. एक खड्डाही रिकामा नव्हता हे मला कळायला हवं होतं. कळलं नाही. डोक्यात फक्त फळ्याजवळची जागा होती.

गुरुजींनी पाटी हातात घेतली. नुसता शेवटचा अंक पाहिला आणि हसले. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात.

"पाचाने गुणलंस?"

"हो."

"दोनाने?"

"हो."

"पाच दुणे दहा. ज्या आकड्याला पाचाने आणि दोनाने गुणलंय त्याच्या शेवटी एक येईल का गं? इथे तर चार एक आहेत." पाटी सगळ्यांना दाखवत ते म्हणाले, "हे बघा जंगलातलं गणित."

सगळी शाळा हसली. आणि सगळ्यात वाईट काय, तर ते बरोबर बोलत होते! शेवटी रिकामेच असायला हवेत हे मला त्यांच्याइतकंच ठाऊक होतं. कान तापले. उंबऱ्यावर बसून मी नवाचा ताळा घेतला. तो गुरुजींनीच शिकवला होता: नवाने गुणलेल्या आकड्याचे सगळे अंक मिळवले की त्याला नवाने भाग जायलाच हवा. माझे मिळवले. एकसष्ट. नऊ सक चोपन्न, वर सात. म्हणजे कुठूनतरी सात चिंचोके जास्त आले होते, नाहीतर दोन कमी झाले होते. सात! रिकामे खड्डे सातच होते. मी पाटी टाकली आणि कोणाला न विचारता घरी पळाले.

माय अंगणात मोहफुलं वाळायला पसरत होती.

"माय वो, माह्या खड्ड्यांत काही टाकलं का तू?"

"टाकलं ना," ती म्हणाली, वर न बघता. "आज पाहिलं तर सात रिकामे पडले होते. एकेक दाणा टाकला."

"काऊन टाकला?"

"खड्डा रिकामा ठेवत असते का कोणी, पोरी?"

आमच्याकडे ती रीतच होती. खड्डा खणला की त्यात काहीतरी पडायलाच हवं. वेलाचा असो, खांबाचा असो, काहीच नसेल तर धानाचा एक दाणा. रिकामा खड्डा रात्रभर उघडा राहिला तर जमीन घरातलं माणूस मागते, असं सगळी मोठी माणसं मानत. शहरातली आई असती तर तिने पोरीचा खेळ म्हणून लाथेने बुजवले असते. माझ्या मायने न बुजवता, न विस्कटता, सातच खड्ड्यांत जपून एकेक चिंचोका घातला होता. माझ्या भल्यासाठी.

मी तेव्हा हे असं शांतपणे समजून घेतलं नाही. मी किंचाळले. "तुनंच माहं नाव पुसलं! आठ दिवस मरून राह्यली मी! कुठी कुठी टाकले, सांग!"

"मले काय ठावं? जिथी रिकामं दिसलं तिथी."

एकेक चिंचोका असलेले खड्डे मोजले. आठ! त्यांतला एक खरा एक होता आणि सात मायचे. शेवटचे चार मायचेच, ते उघड होतं. उरलेल्या चारांतला खरा कोणता? ताळ्याने कळेना. ताळा किती जास्त ते सांगतो, कुठे ते सांगत नाही. आठ दिवसांचं काम डोळ्यांसमोर पडलं होतं आणि त्यातला एक चिंचोका मला ओळखू येत नव्हता. मी पायाने सगळी ओळ विस्कटून टाकली आणि मायला म्हटलं, "तुह्या रिकाम्या खड्ड्यानं काय होते? काही नाई होत!"

ती एकदम थांबली. मग हळू म्हणाली, "त्या साली मांडवाच्या खांबाचा खड्डा मी उघडा ठेवला होता. सकाळी भरू म्हटलं. त्याच पावसाळ्यात बाबू गेला."

दोन वर्षांत पहिल्यांदा तिने भावाचं नाव काढलं होतं. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, बापालाही नाही. मला लाज वाटली. पण खोटं कशाला सांगू, रागही गेला नव्हता. लाज आणि राग दोन्ही घेऊन मी तिच्यासमोर बसले आणि समजावलं. की माय, रिकामा म्हणजे काही नाही असं नसतं. रिकामा आपली जागा धरून बसतो. तो तिथे आहे म्हणून त्याच्या डावीकडचा नऊ इतका मोठा आहे. त्यात एक दाणा टाकला की सगळा आकडा खोटा होतो. ती ऐकत होती. कळलं की नाही, चेहऱ्यावरून समजेना. मी उठले तेव्हा ती विस्कटलेल्या मातीतून चिंचोके वेचत होती.

मी परत शाळेत गेले. "गुरुजी, उद्या साहेबांसमोर करते. इथी, पटांगणात."

"काही गरज नाही. साहेब येणार आहेत, पटांगणात घूस लागल्यासारखे खड्डे नकोत मला."

"पाटी लहान आहे, गुरुजी. पटांगण मोठं आहे."

"खबरदार एकही खड्डा खणलास तर!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी खुरपी शोधायला लागले. सापडेना. बाहेर आले तर माय खुरपी घेऊन दारात उभी. लुगडं खोचलेलं, डाव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. "चाल," म्हणाली. त्या दिवशी तिने मोहफुलं झाडाखालीच पडू दिली. वर्षातले ते मोजके दिवस, आणि माय वेचायला गेली नाही!

शाळेच्या कुंपणाच्या आत ती आजवर कधी आली नव्हती. त्या दिवशी ती सरळ पटांगणाच्या मधोमध गेली, बसली आणि खणायला लागली. माझ्यापेक्षा तिचे खड्डे कितीतरी चांगले. गोल, एकसारखे, एका ओळीत. किती खणू असं तिने विचारलंही नाही. मी सांगितलं, "उजवीकडून एकोणीस," तर म्हणाली, "मोजते ना मी."

गुरुजी आले आणि त्यांचा चेहरा उतरला. माझ्यावर ओरडले असते, पण परक्या बाईवर काय ओरडणार? "बाई, हे बुजवा," एवढंच म्हणाले. माय म्हणाली, "पोरीचं झालं का बुजवते, गुरुजी." आणि खणत राहिली. मी चिंचोके घेऊन बसले. एक. एक दुणे दोन. दोन त्रिक सहा.

दिपोटी साहेब छकड्यातून उतरले तेव्हा मी बारावर होते. उतारवयाचा माणूस, हातात छत्री. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय? गुरुजी सारवासारव करायला लागले. मी उठून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. जागा, पैज, कोडी, एकूण एक. "कोडीच्या पुढे ह्या लोकांना मोजता येत नाही" हे सांगताना मी गुरुजींकडेच बघत होते. त्यांनी मान वळवली. साहेब म्हणाले, "चालू दे." त्यांनी खुर्ची बाहेर मागवली आणि छत्री उघडून बसले.

ऊन चढलं. सगळी पोरं भोवती. हातचे मुठीत घेऊन मी एका खड्ड्याकडून दुसऱ्याकडे गुडघ्यांवर सरकत होते. पंधरा झाले. सतरा झाले. मधे एकदा पाटलाच्या घरच्या धाकट्याने गंमत म्हणून एका रिकाम्या खड्ड्यावर चिंचोक्याचा नेम धरला. माय कडाडली, "हात काढ! त्यात काही टाकाचं नाई!" मी चमकून वर पाहिलं. माय ओळीच्या पलीकडे उभी होती, आणि रिकामा झालेला प्रत्येक खड्डा ती डोळ्यांत तेल घालून राखत होती. कोंबडी आली, हाकलली. वारा सुटला आणि पाचोळा उडाला, तर वाकून खड्ड्यातलं पान काढून टाकलं. तिची डावी मूठ अजून मिटलेलीच होती.

साहेबांनीही ते पाहिलं. "बाई, तुम्ही काय करून राहिलात?"

"रिकामं राखून राह्यली, साहेब," माय म्हणाली.

दुपार टळताना विसाने गुणून झालं. मी ताळा घेतला. चोपन्न. नऊ सक चोपन्न, वर काही नाही. साहेबांनी गुरुजींना विचारलं, "तुम्ही केला आहे का हा?" गुरुजींनी आत जाऊन टेबलाच्या खणातून कागद आणला. चार कागद होते, एकमेकांना डकवलेले. म्हणजे आठ दिवस तेही बसले होते! मला हे अजून आवडतं त्यांच्यातलं. माणूस चिडका होता, पण लबाड नव्हता.

"उजवीकडून वाचा," साहेब म्हणाले. गुरुजींना स्थानांची संस्कृत नावं तोंडपाठ होती, त्याचा त्यांना भारी अभिमान. आम्हाला ती घोकायला लावत आणि शेवटी म्हणत, परार्ध, संपलं, ह्यापुढे काही नाही. त्यांनी कागद धरला आणि मी खड्डे सांगत गेले.

"एकं?"

"रिकामा."

"शून्य. दहं?"

"रिकामा."

लक्ष, कोटी, अब्ज, खर्व. प्रत्येक अंक जुळत होता. नावं मोठी होत गेली आणि गुरुजींचा आवाज लहान होत गेला. जलधी, नऊ. अंत्य, दोन. मध्य... मधेच ते अडखळले, परत मोजून घेतलं, आणि जुळलं. शेवटी म्हणाले, "परार्ध?"

"चार."

"चार," ते म्हणाले, आणि कागद खाली करणार तेवढ्यात थांबले. कागदावर डावीकडे अजून एक अंक होता. मातीत डावीकडे अजून एक खड्डा होता, आणि त्यात दोन चिंचोके.

"याले काय म्हणाचं, गुरुजी?" मी विचारलं.

गुरुजींकडे नावं अठरा होती आणि माझे खड्डे एकोणीस. तिथेच उभी राहून मी मागचं आठवून बघितलं. एकोणीस पोरांपर्यंत आकडा अठरा खड्ड्यांत मावला होता. परार्धात बरोबर संपला होता. विसावं पोर ओळीत आलं तेव्हा तो बाहेर पडला, आणि विसावी मी होते. उंबऱ्यावरची! माझ्या एकटीमुळे त्यांची नावं संपली होती. हे मी मोठ्याने म्हटलं. अगदी ह्याच शब्दांत म्हटलं, आणि मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही.

गुरुजींनी वाकून त्या खड्ड्यातले दोन चिंचोके स्वतः मोजले. मग म्हणाले, "मला येत नाही." आत गेले आणि यादीवर पहिलं नाव माझं लिहून साहेबांकडे दिलं. साहेब मला म्हणाले, "जा, बस फळ्याजवळ."

"आज बसते," मी म्हटलं. "उद्या दुसरी रीत. एवढ्या आहेत, तर रोज एक करू."

साहेबांनी छत्री मिटली आणि गुरुजींकडे बघून मान हलवली. परीक्षेपर्यंत आम्ही वीस जण रोज नव्या जागी बसलो. उंबऱ्याची पाळी पाटलाच्या घरच्यालाही आली, आणि त्यालाही तिथून अक्षरं मुंगीएवढीच दिसली.

सगळे पांगल्यावर मी चिंचोके गोळा केले. एकोणीसच्या एकोणीस खड्डे आता रिकामे झाले. मायने गुरुजींना बुजवायचा शब्द दिला होता, म्हणून मी माती लोटायला लागले, तर गुरुजीच दारातून म्हणाले, "राहू दे. उद्या ह्यावरच सगळ्यांना गुणाकार शिकवायचा आहे." मी घाबरून मायकडे पाहिलं. एकोणीस उघडे खड्डे, रात्रभर.

तेव्हा तिने मूठ उघडली. घामाने तळहाताला चिकटलेले सात चिंचोके. काल मातीतून वेचलेले, स्वतःचे. दिवसभर ते मुठीत धरून ती सात रिकाम्या खड्ड्यांशी उभी होती. मला वाटलं, आता टाकेल. टाकले असते तर मी हूं की चूं केलं नसतं. तिने एकेक सोडवून ते माझ्या ओटीत घातले. "घे. तुले कामी येतील," म्हणाली, आणि मागे वळून न बघता नाल्याकडे चालू लागली.

मी परीक्षेला बसले, पास झाले, पुढेही शिकले. पण त्या पावसाळ्यात मला साधी सर्दीसुद्धा झाली नाही, तरी धान कापणीला येईपर्यंत माय रोज सकाळी माझ्या कपाळाला हात लावून पाहत होती.